सेप्सिस, सलाईन आणि खाटेशेजारची सोनोग्राफी

संसर्गाने ताप येतो आणि बहुतेक वेळा तो उतरतोही. जंतूंशी लढता लढता शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटली, की त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. 2016 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने केलेली व्याख्या हेच सांगते: संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यातून उद्भवलेला, जीवावर बेतणारा अवयवांचा बिघाड. घरची माणसे याला ‘अंगात विष पसरलं’ म्हणतात, कॅज्युअल्टीत ‘सेप्टिक झालाय’ असे तुटक वाक्य पुरते. 2017 या एका वर्षात जगभरात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातले 1 कोटी 10 लाख दगावले, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. यातले बहुसंख्य रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते.

असा रुग्ण कॅज्युअल्टीत येतो तेव्हा धाप लागलेली असते, हातपाय गार पडलेले किंवा उलट तापून लाल झालेले असतात, लघवी सकाळपासून झालेली नसते आणि तो काहीबाही बरळत असतो. परिचारिका पट्टा बांधते आणि ‘बीपी लागत नाही’ म्हणते. या तीन शब्दांमागे किमान तीन वेगवेगळ्या घटना असू शकतात. रक्तवाहिन्या सैल पडल्याने आहे तेवढे रक्त त्यांना भरायला पुरत नसेल. वाहिन्यांच्या भिंती झिरपू लागल्याने रक्तातले पाणी बाहेर ऊतींमध्ये गेले असेल. किंवा हृदयाच्या स्नायूलाच सेप्सिसने गाठले असेल. बऱ्याचदा तिन्ही एकत्र असतात, पण कमीअधिक प्रमाणात. यंत्रावरचा आकडा तिन्ही वेळा सारखाच दिसतो. उपचार मात्र वेगळे आहेत: पहिल्यात वाहिन्या आवळणारे नॉरॲड्रेनालिन लवकर लागते, दुसऱ्यात सलाईन, तिसऱ्यात सलाईनचा हात आखडता घेऊन हृदयाला जोर देणारे औषध. खाटेशेजारच्या सोनोग्राफीचा खरा उपयोग या फरकापाशी सुरू होतो.

प्रतिजैविकाच्या बाबतीत फारसा वाद नाही. 2021 च्या ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ मार्गदर्शिकेनुसार शॉक असेल, म्हणजे रक्तदाब कोसळलेला असेल, तर पहिल्या तासात ते द्यावे. शॉक नसेल आणि निदान डळमळीत असेल तर तीन तासांपर्यंत तपास करायला मुभा आहे. संसर्गाचे मूळ शोधून ते काढणे, हेही सर्वांना मान्य आहे. खरी ओढाताण आहे ती सलाईनवर.

तिची कथा 2001 पासून सांगावी लागते. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात इमॅन्युएल रिव्हर्स यांनी 263 रुग्णांवर एक चाचणी केली. पहिल्या सहा तासांत मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून दाब मोजायचा, तो ठरावीक पातळीवर येईपर्यंत सलाईन द्यायचे, मग रक्तदाब, मग रक्तातला प्राणवायू, अशी एकेक पायरी. नेहमीच्या उपचारांच्या गटात रुग्णालयातले मृत्यू 46.5 टक्के होते, या गटात 30.5 टक्के. जगभरच्या कॅज्युअल्टींनी ही पद्धत उचलली. पुढे 2014 आणि 2015 साली अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या तीन मोठ्या चाचण्यांत मात्र तिचा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. मधल्या तेरा-चौदा वर्षांत ‘नेहमीचे उपचार’ स्वतःच सुधारले होते, हे त्याचे एक कारण सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. मानेतल्या शिरेचा दाब पाहून सलाईनची गरज ओळखता येते, हा समजही दरम्यान मोडीत निघाला होता. मागे उरला तो एक आकडा: पहिल्या तीन तासांत दर किलो वजनामागे 30 मिलिलिटर. साठ किलोच्या माणसाला 1,800 मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या जवळजवळ चार बाटल्या. 2021 च्या मार्गदर्शिकेने ही शिफारस ठेवली, पण तिचा दर्जा ‘प्रबळ’वरून ‘दुर्बळ’वर आणला.

दर्जा उतरवण्यामागच्या शंकेला आफ्रिकेतून आलेल्या दोन चाचण्यांनी खतपाणी घातले होते. 2011 साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या 3,141 तापाच्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांपैकी काहींना झटपट सलाईन किंवा अल्ब्युमिन दिले, काहींना फक्त रोजच्या गरजेपुरते द्रव. 48 तासांत झटपट द्रव मिळालेल्या दोन्ही गटांत सुमारे साडेदहा टक्के मुले दगावली, न मिळालेल्या गटात 7.3 टक्के. पुढच्या विश्लेषणात असे दिसले, की जास्तीचे मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोसळल्याने झाले होते; फुफ्फुसात पाणी साचणे हा त्यातला छोटा भाग होता. 2017 साली झांबियातल्या लुसाका इथल्या प्रौढांच्या चाचणीतही सलाईनचा ठरलेला मोठा डोस घेणाऱ्यांत 48.1 टक्के मृत्यू झाले, नेहमीच्या उपचारांत 33 टक्के. पहिल्या चाचणीतली मुले बरीचशी मलेरियाची आणि रक्तक्षयाची होती, लुसाकातले बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि अतिदक्षता विभागाची सोय जवळजवळ नव्हती. म्हणून हे निष्कर्ष जसेच्या तसे पुण्यात किंवा लातूरला लावता येत नाहीत. तरीही व्हेंटिलेटर शेजारच्या शहरात असलेल्या ग्रामीण रुग्णालयाची स्थिती डेट्रॉइटपेक्षा लुसाकाच्या जवळची आहे, हे नाकारून चालत नाही. श्रीमंत देशांतही ‘जास्त सलाईन की लवकर नॉरॲड्रेनालिन’ हा सामना 2023 च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत बरोबरीत सुटला. सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही; मग या रुग्णाला, या घटकेला किती, हे ठरवण्याचे साधन हवे.

सोनोग्राफी म्हटले की मराठी मनात गरोदरपण येते, नाहीतर मुतखडा. तपासणीच्या वेगळ्या खोलीत रेडिऑलॉजिस्ट सगळे पोट क्रमाने पाहतो, मोजमापे घेतो, अहवाल लिहितो. खाटेशेजारच्या सोनोग्राफीची जात निराळी आहे. उपचार करणारा डॉक्टर स्वतःच प्रोब हातात घेतो आणि हो किंवा नाही असे उत्तर येईल तेवढेच प्रश्न विचारतो. हृदय नीट आवळते आहे का? त्याभोवती पाणी आहे का? मूत्रपिंड फुगले आहे का? त्याला पित्ताशयातला प्रत्येक खडा मोजायचा नसतो. सवय झालेल्या हाताला सगळा फेरा पाच-दहा मिनिटांत उरकतो आणि तो उपचार न थांबवता, सलाईन लावता लावता होतो. अपघाती रुग्णाच्या पोटातले रक्त शोधण्यासाठी ही रीत 1990 च्या दशकात रुळली. शॉकच्या रुग्णासाठी हृदय, शिरा आणि मोठ्या धमन्या एका फेऱ्यात पाहण्याच्या पद्धती त्यानंतरच्या. 2010 च्या सुमारास अमेरिकेत त्यातल्या एकीत या तिन्हींना पंप, टाकी आणि नळ अशी सोपी नावे मिळाली. आपल्याकडे प्लंबरला बोलावणाऱ्या कुणालाही हे लगेच समजावे.

पंपापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. सेप्सिसमधल्या हृदयाची दोन टोके असतात. एका टोकाला डावा निलय रिकामा, धडधडणारा असतो आणि प्रत्येक ठोक्याला त्याच्या भिंती एकमेकींना टेकतात. इथे सलाईनला वाव आहे. दुसऱ्या टोकाला निलय फुगलेला आणि सुस्त असतो. 1984 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले, की सेप्टिक शॉकमध्ये हृदयाची पंपशक्ती काही दिवस खालावते आणि वाचलेल्या रुग्णांत सात ते दहा दिवसांत ती पूर्ववत होते. हृदयविकाराच्या झटक्याशी याचा संबंध नाही, पण दोन्हींतला फरक पडद्यावर नेहमीच उलगडत नाही. ईसीजी आणि नातेवाइकांनी सांगितलेला इतिहास सोबत लागतो. उजवा निलय डाव्यापेक्षा मोठा दिसला तर फुफ्फुसातल्या गुठळीचा विचार करावा. हृदयाभोवती पाणी दिसले तर क्षयरोगाचा. आपल्याकडे ही शंका पुस्तकी नाही. रिकामे, जोरात आवळणारे हृदय पाहून ॲड्रेनालिन किंवा डोब्युटामिन वाढवले तर काही रुग्णांत डाव्या निलयाची बाहेर पडायची वाटच आवळली जाते आणि दाब आणखी घसरतो. औषध वाढवले की बीपी कमी होते, हे कोडे प्रोब ठेवल्याशिवाय सुटत नाही.

टाकीच्या बाबतीत सगळ्यांची नजर जाते ती अधोमहाशिरेवर. कॅज्युअल्टीत तिला सारे आयव्हीसीच म्हणतात. पोटातून वर येऊन ती हृदयाच्या उजव्या अलिंदात उघडते. अलिंदापासून साधारण दोन सेंटिमीटर अलीकडे तिची रुंदी मोजतात आणि श्वास आत घेताना ती किती मिटते ते पाहतात. 2.1 सेंटिमीटरहून कमी रुंद आणि निम्म्याहून अधिक मिटणारी शीर म्हणजे अलिंदातला दाब कमी. रुंद आणि जवळजवळ न हलणारी म्हणजे दाब जास्त. मापन सोपे आहे, म्हणूनच त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली गेली. निरोगी, तहानलेल्या माणसाचीही शीर मिटते. जोरजोराने श्वास घेणाऱ्या रुग्णात ती उगाच मिटताना दिसते, व्हेंटिलेटरवर हालचालीची दिशाच उलटते, पोट फुगलेले असेल तर बाहेरच्या दाबाने ती चपटी होते, आणि दम्याच्या जुन्या रुग्णात किंवा उजवे हृदय थकलेल्यात ती कायमच रुंद राहते. म्हणून टोकाच्या दोन चित्रांवर विश्वास ठेवावा: अगदी कागदासारखी चपटी शीर असेल तर पहिली बाटली निःशंक द्यावी, तुडुंब शीर असेल तर हात थांबवून पुन्हा विचार करावा. मधल्या सगळ्या चित्रांना, म्हणजे बहुतेक रुग्णांना, आयव्हीसी उत्तर देत नाही.

त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा मांडावा लागतो. टाकी किती भरली आहे, हे बाजूला ठेवून सलाईन दिल्यावर हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकेल का, असे विचारायचे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत याचे उत्तर ‘नाही’ येते आणि त्यांना दिलेली बाटली बहुतांशी सूज बनते. उत्तर मिळवण्याची एक सुरेख युक्ती आहे. रुग्णाला डोक्याकडून उंच अशा अर्धवट बसत्या स्थितीत ठेवायचे, मग खाटच फिरवून डोके खाली आणि पाय 45 अंशांवर वर करायचे. पायांतले आणि पोटातले सुमारे 300 मिलिलिटर रक्त हृदयाकडे धावते. ही उसनी बाटली असते. पाय खाली आणले की परत. पाय वर करण्याआधी आणि केल्यावर मिनिटभराने महाधमनीच्या तोंडाशी डॉपलरने रक्ताचा झोत मोजतात. निरोगी माणसात एका ठोक्याला तो साधारण 18 ते 22 सेंटिमीटर पुढे सरकतो. हे अंतर 10 ते 15 टक्के वाढले तर सलाईनचा उपयोग होईल, नाही वाढले तर नॉरॲड्रेनालिनकडे वळावे. मापाला सराव लागतो. प्रोबचा कोन जरा ढळला तरी आकडा बदलतो आणि दहा टक्क्यांचा फरक हातातल्या चुकीतच बुडू शकतो. हृदयाची लय अनियमित असेल तर अनेक ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. आणि प्रतिसाद मिळणार म्हणून सलाईन हवेच, असेही नाही: निरोगी माणसाचे हृदयही या परीक्षेत उत्तीर्ण होते.

सलाईन कधी थांबवायचे, हे फुफ्फुस सांगते. फार वर्षे पाठ्यपुस्तकांत असे लिहिलेले असे, की हवेमुळे फुफ्फुसाची सोनोग्राफी होऊच शकत नाही. पॅरिसचे डॅनियल लिश्तेनस्टाइन यांनी 1990 च्या दशकात या अडचणीलाच कामाला लावले. हवेने भरलेल्या फुफ्फुसातून येणारी आडव्या समांतर रेघांची नक्कल म्हणजे ए-रेघा. फुफ्फुसाची जाळी पाण्याने जड झाली, की पडद्यावर वरपासून खालपर्यंत झळाळणाऱ्या उभ्या बी-रेघा उमटतात. एका फासळीफटीत तीन किंवा जास्त दिसल्या तर ते लक्षण मानतात. सलाईन सुरू असताना आधी स्वच्छ असलेल्या जागी दोन्ही बाजूंना बी-रेघा उगवल्या, तर ऑक्सिजन घसरण्याची वाट न पाहता थांबावे. एकाच बाजूला, एखाद्याच भागात रेघा किंवा यकृतासारखे घट्ट दिसणारे फुफ्फुस असेल तर तो न्यूमोनिया, म्हणजे बहुधा सेप्सिसचे मूळच.

मूळ शोधणे हा या तपासणीचा कमी बोलला जाणारा, पण कदाचित सर्वांत किफायतशीर भाग. मुतखड्याने मूत्रवाहिनी अडली आणि वर मूत्रपिंडात पू साचला, तर कितीही भारी प्रतिजैविक दिले तरी ताप हटत नाही. नळी घालून वाट मोकळी करावी लागते आणि ती रात्रीच करावी लागते. फुगलेले मूत्रपिंड नवशिक्यालाही दोन मिनिटांत दिसते. यकृतातले गळू, छातीतला पू, पित्ताशयाची सूज, मधुमेही पायातला पू, प्रसूतीनंतर गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, या सगळ्यांसाठी सुई किंवा शस्त्रक्रिया लागते, आणि ती कोणत्या सर्जनला बोलावून करायची हे प्रोब ठरवतो. हृदयाच्या झडपेवर डोलणारा जंतूंचा गुच्छ कधी कधी दिसून जातो. न दिसल्याने मात्र तो नाही असे ठरत नाही.

महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात चित्र आणखी गुंतते. डेंगीत वाहिन्या झिरपतात, पित्ताशयाची भिंत जाड होते, छातीत आणि पोटात पाणी साचते. ती जाड भिंत पाहून पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरवणे ही जुनी, टाळता येणारी चूक आहे. ताप उतरतो तेव्हाचे 24 ते 48 तास झिरपण्याचे असतात. त्यानंतर बाहेर गेलेले पाणी आपोआप रक्तात परतते, आणि त्या वेळी जुन्या आदेशानुसार चालू राहिलेले सलाईन फुफ्फुसात उतरते. लेप्टोस्पायरोसिसचे नाव 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत घरोघरी पोहोचले. त्यात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि फुफ्फुसात रक्तस्राव होतो. रक्ताने भरलेले फुफ्फुसही बी-रेघाच दाखवते. तिथे लघवीचे औषध देऊन उपयोग नाही. 2018 साली नागपूर परिसरात पसरलेल्या स्क्रब टायफसमध्ये अंगावरचा काळा खपलीचा डाग शोधणे सोनोग्राफीपेक्षा महत्त्वाचे; काखेत आणि जांघेत डोळ्यांनी पाहावे लागते.

एवढे सगळे दिसून रुग्ण जास्त वाचतात का? कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कॅज्युअल्टींत बीपी घसरलेल्या 270 रुग्णांवरची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. सोनोग्राफी केलेल्या आणि न केलेल्या गटांत तीस दिवसांच्या जगण्यात फरक नव्हता, दिलेल्या सलाईनमध्येही नव्हता. हा निकाल झटकून टाकू नये. चित्र पाहूनही उपचार बदलले नाहीत तर निष्पत्ती बदलण्याचे कारण नाही. आणि सुरुवातीला एकदाच केलेली तपासणी सेप्सिससारख्या तासागणिक पालटणाऱ्या आजारात अपुरीच पडणार. चुकीचे वाचलेले चित्र न काढलेल्या चित्राहून घातक असते, हाही धडा प्रत्येक विभागाने कुठेतरी गिरवलेला असतो. प्रोब दोन रुग्णांच्या मध्ये पुसला नाही किंवा जेलची बाटली खराब झाली तर तपासणीच संसर्ग वाटत फिरते.

भारतात आणखी एक अडसर आहे, तो वैद्यकशास्त्राबाहेरचा. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला; देशाचा कायदा 1994 चा, पुढे 2003 पासून अधिक कडक झालेला. गर्भाचे लिंग सांगू शकेल असे कोणतेही यंत्र, ते कॅज्युअल्टीत फक्त छातीवर फिरणार असले तरी, नोंदवावेच लागते. 2012 च्या दुरुस्तीने हातात नेण्याजोगी यंत्रे नोंदणीकृत जागेत, आंतररुग्णांसाठी, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरायची मुभा ठेवली. मुलींच्या घटत्या संख्येपुढे हा कडकपणा अनाठायी म्हणता येत नाही. पण त्याचा परिणाम असा, की खिशात मावणारे यंत्र बाजारात असूनही अनेक रुग्णालयांत ते कुलुपात राहते आणि किल्ली रात्री ड्यूटीवर नसलेल्या माणसाकडे असते. आपत्कालीन वैद्यक ही शाखा 2009 साली पदव्युत्तर विषय म्हणून मान्य झाल्यावर या विभागांतले डॉक्टर प्रोब हाताळायला शिकू लागले. यंत्राची नोंदणी, वापरणाऱ्यांची नावे आणि गर्भवतीच्या तपासणीचा फॉर्म एफ, हे कागद पूर्ण असतील तर कॅज्युअल्टीत यंत्र ठेवायला कायदा आड येत नाही.

यंत्र हाताशी असेल तर फेरे ठरवून घ्यावेत. आल्याबरोबर हृदय, शीर, फुफ्फुस आणि मूळ. पहिल्या अर्ध्या ते एक लिटर सलाईननंतर फुफ्फुस आणि हृदय पुन्हा. नॉरॲड्रेनालिन सुरू झाल्यावर, सरासरी दाब 65 वर आला तरी, नखाखालचा रंग परतायला किती सेकंद लागतात हे बोट दाबून पाहावे, लघवीची पिशवी पाहावी आणि मग प्रोब ठेवावा. दर वेळी काय दिसले आणि त्यावरून काय बदलले, हे केसपेपरवर दोन ओळींत लिहावे. सकाळी ड्यूटी बदलताना पुढच्या डॉक्टरला रात्रीची बी-रेघ कुठे होती हे त्या ओळींतूनच कळते.